रोकडेंची लांब पल्ल्याची ड्युटी

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. महादू रोकडे भिवंडीत अनेकांच्या लक्षात राहिले, ते आवाजामुळे. लाउडस्पीकरवर ते सांगायचे, "अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी. गाडी फलाटाला लागलेली आहे. चढताना घाई करू नये, गाडी कोणालाही टाकून जाणार नाही." शेवटचं वाक्य महामंडळाच्या कुठल्याही नियमात नव्हतं. ते त्यांनी स्वतः जोडलेलं होतं.

खिडकीत बसायच्या आधी ते त्याच गणेशपुरीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी त्या एका रस्त्यावर काढली. भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका, गणेशपुरीच्या आश्रमात जाणारे गोरे पाहुणे, अंबाडीच्या शाळेतली पोरं, सगळी त्यांना ओळखायची. त्यांची स्वतःची एकच इच्छा होती, लांब पल्ल्याची गाडी चालवायची. ही ड्युटी जुन्या माणसांना मिळते, आणि रोकडेंचा नंबर लागायला बरीच वर्षं गेली. शेवटी लागला. कोल्हापूरच्या गाडीवर नाव आलं. त्यांची बायको शांताबाई हिने डबा नेण्यासाठी नवी पिशवीही शिवली.

त्याच आठवड्यात अंबाडीहून येताना एक सायकलवाला त्यांच्या डाव्या बाजूने अचानक समोर उगवला. रोकडेंनी ब्रेक मारला, सायकलवाला शिव्या देत निघून गेला, कोणाला काही झालं नाही. गाडीतल्या कोणाला तर कळलंही नाही. पण रोकडेंना एक गोष्ट खटकली. तो माणूस अचानक आलेला नव्हता. तो बराच वेळ बाजूने चालला असणार, आणि तो त्यांना दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते डेपो मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझे डोळे तपासून घ्या. तोपर्यंत मला गाडी देऊ नका."

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं दिसणं हळूहळू मिटत जातं, नळीतून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येत नाही. रोज ठरल्या वेळी थेंब घालायचे, म्हणजे उरलेलं जास्त दिवस टिकतं. महामंडळाने त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं आणि हलकं काम म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं. कोल्हापूरच्या गाडीवर दुसरं नाव लागलं. शांताबाईने शिवलेली पिशवी भाजी आणायला वापरात आली.

हे सगळं मला नंतर कळलं. माझं भिवंडीत धामणकर नाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २००५ साली रोकडेंची मुलगी मृणाली कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, तिच्यासाठी मी मशीन जोडून भादवडला त्यांच्या घरी बसवायला गेलो. मृणालीने विचारलं, "नरेंद्रदादा, एखादा गेम टाकाल का? बाबा घरी आले की नुसते बसून असतात." माझ्याजवळ विमान उडवायच्या सिम्युलेटरची सीडी होती. ती टाकली, पुढच्या आठवड्यात एक साधी जॉयस्टिकही नेऊन लावली, आणि विसरून गेलो.

महिन्याभराने रोकडे स्वतः दुकानात आले. खाकी पँट, वर साधा पांढरा शर्ट. आत येताना मान जरा जास्तच डावी-उजवीकडे वळवत होते. मला वाटलं दुकान बघतायत. नंतर कळलं, कडेचं दिसत नाही म्हणून ती सवय लागली होती.

"विमान पडलं," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. जुहूच्या समुद्रात पडलं होतं.

"असं होतं काका. सुरुवातीला सगळ्यांचं पडतं. पुन्हा चालू करायचं."

"आत माणसं होती का?"

"नाही हो. गेम आहे तो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते काही ठीक वाटत नव्हतं. "मला कोणीतरी नीट शिकवायला पाहिजे. मी शिकल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलेली नाही कधी."

मी कुठला वैमानिक. पण सिम्युलेटरमध्येच धडे असतात, इंग्रजीत. मृणाली वाचून मराठीत सांगायची, मी रविवारी जाऊन बसायचो, आणि आम्ही तिघे मिळून शिकलो. रोकडेंची पद्धत अशी, की एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. नुसतं विमान जमिनीवर सरळ चालवायला त्यांनी कितीतरी दिवस घेतले. मी कंटाळलो, ते कंटाळले नाहीत. पुढे उडणं आलं, वळणं आलं, उतरणं आलं. उतरणं सगळ्यात शेवटी आलं.

ते पहिल्यांदा नीट उतरले त्या दिवशी मी तिथेच होतो. विमान थांबल्यावर त्यांनी जॉयस्टिकवरून हात काढले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"नरेंद्र," ते म्हणाले, "इथे मला सगळं दिसतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"रस्त्यावर अर्धं दिसत नाही. घरात कपाटाला खांदा लागतो. पण हा पडदा," त्यांनी दोन्ही हातांनी मॉनिटरच्या कडा धरून दाखवल्या, "हा आख्खा माझ्या नजरेत मावतो. ह्याच्या बाहेर काही यायचंच नाही."

शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदराने हात पुसत आत गेली. त्या दिवसापासून घरातला टीव्ही विमानाच्या वेळेत बंद राहू लागला.

आता चिंधू तरेंबद्दल सांगितलं पाहिजे. गणेशपुरीच्या गाडीवर रोकडे ड्रायव्हर, तसे तरे कंडक्टर. भिवंडीलगतच्या राहनाळचे. त्यांची भातशेती होती, ती गोदामांत गेली आणि तरे स्वतःच चार गोदामांचे मालक झाले. तरी त्यांनी कंडक्टरकी सोडली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय करू? गोदाम काय बोलतंय व्हय माझ्याशी?" रोकडे गाडीवरून उतरल्यावर मात्र त्यांचं मन उडालं आणि वर्षभरात नोकरी सोडून ते घरी बसले. दोघांची भेट कमी झाली. भेटले की रोकडे डोळ्यांबद्दल बोलत नसत आणि तरे गाडीबद्दल बोलत नसत, म्हणजे बोलायला काही उरतच नसे.

एका रविवारी तरे भादवडला आले, तेव्हा रोकडे वज्रेश्वरीवरून लहान विमान नेत होते. तरेंनी पडद्याकडे पाहिलं. हिरवं रान, एक नदी, त्यात गाव वगैरे काही नाही.

"ही तानसा?"

"तानसाच असणार. अंबाडीहून डावीकडे वळलो ना."

"मंग गणेशपुरीचा स्टॉप गेला की मागं," तरे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चहा आला, गार झाला. उतरताना तरेंनी नकळत चमचा उचलून स्टीलच्या ग्लासावर एकदा वाजवला. टण्. एक बेल म्हणजे थांबा. रोकडेंनी मान न वळवता म्हटलं, "मास्तर, अजून धावपट्टी आलेली नाही." दोघेही हसले. मृणाली सांगते, बाबांना इतकं हसताना तिने बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

लांब पल्ल्याची कल्पना तरेंचीच. "कोल्हापूर राहिलं ना तुझं," ते म्हणाले. "मंग आता कोल्हापूर कशाला? चांगलं लांबचं बघ."

कुठे जायचं यावर बराच खल झाला. तरेंना दुबई पाहिजे होती, कारण त्यांचा एक भाडेकरू तिथे माल पाठवायचा. मृणाली म्हणाली सिंगापूर. शेवटी शांताबाई म्हणाली, "लंडन. बाबासाहेब शिकायला गेले होते तिथे जाऊ." त्यानंतर दुसरं नाव निघालं नाही.

अडचण विजेची होती. त्या वर्षी भिवंडीत लोडशेडिंग असं, की मुंबई ते लंडन सोडा, मुंबई ते पुणेसुद्धा एका दमात होणं कठीण. यंत्रमागवाले रस्त्यावर येत होते, आमच्या गेमला कोण विचारतो. पण तरेंच्या राहनाळच्या गोदामाला जनरेटर होता. वर ऑफिस होतं, त्यात एसी होता आणि इंटरनेटही. ठरलं, विमान राहनाळहून सुटणार.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मशीन रिक्षात घालून घेऊन गेलो. जनरेटर सुरू होईपर्यंत मशीन बंद पडू नये म्हणून दुकानातला यूपीएसही नेला. वर जाऊन बघतो तर तरेंनी ऑफिसचं विमान करून टाकलेलं. दोन-दोन खुर्च्या एकामागे एक, मधून जायला वाट. भिंतीवर जगाचा नकाशा. पुढे टेबलावर मॉनिटर, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. डावीकडची रोकडेंची. उजवीकडची माझी, असं मी धरून चाललो होतो.

"तिथे शांता बसेल," रोकडे म्हणाले. "तिला घड्याळं वाचता येतात."

उंची, वेग, दिशा, इंधन, पडद्यावरची सगळी घड्याळं शांताबाईने घरी बसल्या बसल्या पाठ केली होती. हे मला माहीत नव्हतं. बहुधा रोकडेंनाही फार आधी कळलेलं नसावं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण आकडा वाचताना तिचा आवाज कापत नसे.

प्रवासी जमले. तरेंच्या घरची माणसं, भादवडचे दोन शेजारी, गोदामातला कारकून, मृणाली, मी. गोदामाचा वॉचमन यादव दारात उभा होता. तो जौनपूरचा. त्याने विचारलं, "साहब, ये जौनपुर के ऊपर से जाएगा क्या?"

रोकडेंनी गंभीरपणे नकाशाकडे पाहिलं. "नहीं यादवजी. ये पश्चिम को जाता है, आपका गाँव पूरब में है. पण बसा. अगली फेरी में देखेंगे."

यादव शेवटच्या खुर्चीवर बसला. काठी त्याने मांडीवर आडवी घेतली.

रोकडेंनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की गाडी मुंबईहून सुटून अरबी समुद्र, इराण, तुर्कस्तान करत संध्याकाळपर्यंत लंडनला पोचेल. ज्यांना मध्ये जेवायला घरी जायचं असेल त्यांनी जाऊन यावं, फक्त दरवाजा हळू लावावा. मग ते बसले. तरेंनी ग्लासावर चमचा दोनदा वाजवला. टण् टण्. डबल बेल. विमान सुटलं.

पहिला तास सगळे उत्साहात होते. जमीन गेली, समुद्र आला. मग समुद्रच येत राहिला. निळ्या पाण्यावर निळं आकाश, आणि विमान जागेवर उभं असल्यासारखं. कारकुनाने मला हळूच विचारलं, पुढे पळवता येत नाही का. येतं. सिम्युलेटरमध्ये चौपट वेगाने जायची सोय असते. मी रोकडेंना तसं सुचवलं.

"नको," ते म्हणाले. "गाडी वेळेआधी पोचवायची नसते. मधल्या थांब्यावरची माणसं राहतात."

"मधला थांबा कुठंय?" तरेंनी विचारलं.

"नाही. पण सवय मोडायची नाही."

मग लोकांनी प्रवासात करतात तेच करायला सुरुवात केली. कोणी डबे उघडले. तरेंच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आली. एकाला डुलकी लागली. शेजारच्या बाईंनी विणकाम काढलं. तरे मधल्या वाटेने दर थोड्या वेळाने फेरी मारत आणि कोणाला काही हवं का विचारत. दुपारी दिवे गेले. यूपीएस ओरडायला लागला, खालून जनरेटरचा धडधडाट सुरू झाला आणि पंखे पुन्हा फिरले. तेवढ्या वेळात पडद्यावरचं विमान जराही हललं नव्हतं. यादव समाधानाने म्हणाला, "मजबूत गाड़ी है."

तुर्कस्तानच्या डोंगरांवर असताना थेंबांची वेळ झाली. थेंब घातल्यावर रोकडेंना थोडा वेळ डोळे मिटून राहावं लागे. विमान स्वतःच्या स्वतः चालण्यावर लावलेलं होतं, तरी ते शांताबाईकडे वळून म्हणाले, "सांभाळ. काही हललं तर सांग." तिने आधी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाटली पिशवीत ठेवली, आणि मग ती पडद्यासमोर अशी बसली, की ऑफिसातलं बोलणंही आपोआप थांबलं. रोकडे मिटल्या डोळ्यांनी मागे टेकले होते. शांताबाई एकेक घड्याळ वाचत होती. उंची तेवढीच. वेग तेवढाच. दिशा तेवढीच. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, "सगळं होतं तिथेच आहे." खुर्चीत सरकून बसताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी भादवडच्या स्वयंपाकघराच्या दारात कधी पाहिलं नव्हतं.

राहनाळला ऊन कलायला लागलं तरी पडद्यावर दुपारच होती. तरे खिडकीतून बाहेर बघत आणि परत पडद्याकडे बघत. "आपल्याकडं संध्याकाळ झाली, तिकडं न्हाय. आपन सूर्याच्या मागं मागं चाललोय," ते म्हणाले. हे त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन सांगितलं.

लंडनजवळ ढग होते. मी सकाळी इंटरनेटवरून खरं हवामान घ्यायची सोय चालू केली होती, आणि त्या दिवशी लंडनला खरंच पाऊस होता, आडवा वारा होता. रोकडेंनी विमान स्वतःच्या हातात घेतलं. ढगांतून खाली येताना पडदा पांढरा झाला. शांताबाई वाचत होती, "दोन हजार. अठराशे. पंधराशे." मग ढग फाटले आणि समोर धावपट्टी दिसली, तिरकी, ओली, आणि जिथे असायला हवी होती त्याच्या बऱ्याच उजवीकडे.

जेवायला गेलेले सगळे परत आले होते. टाळ्या वाजवायला हात तयार होते. तरेंनी चमचा उचलून धरला होता. रोकडेंनी विमान उजवीकडे आणलं, वाऱ्याने ते पुन्हा डावीकडे सरकवलं. त्यांनी पुन्हा आणलं. "पाचशे," शांताबाई म्हणाली. धावपट्टी जवळ आली, पण सरळ नव्हती.

रोकडेंनी पूर्ण जोर दिला आणि नाक वर उचललं. धावपट्टी खालून निघून गेली.

मागे निराशेचा आवाज झाला. कारकून म्हणाला, "अहो काका, टेकवायचं ना आता. गेमच आहे. जरा वाकडं झालं तर काय होतंय?"

रोकडे दोन्ही हातांनी जॉयस्टिक धरून वळण घेत होते. उत्तर तरेंनी दिलं. मधल्या वाटेत उभे राहून, चमचा हातात तसाच.

"माझं ऐका. एकदा तानसेला पूर आलता. गणेशपुरीच्या अलीकडं पुलावर पानी. फार न्हाय, घोट्याएवढं. ह्यानं गाडी अलीकडंच थांबवली. गाडीत एक नवरदेव होता, त्याचा बाप शिव्या देतोय, मानसं मलाच धरून हलवतायत, मास्तर सांगा डायवरला. मी गेलो पुढं. बोल्लो, रोकडे, घोट्याएवढंच पानी हाय. तर हा काय बोल्ला ठाऊक हाय? पानी दिसतंय, पूल दिसत न्हाय. नवरदेवाचा मुहूर्त टळला त्या दिवशी. रात्रभर वज्रेश्वरीच्या देवळात बसलो सगळी. सकाळी पानी उतरलं तर पुलाचा मधला तुकडा गेलेला." तरेंनी चमचा रोकडेंकडे केला. "तवापासून ह्यानं थांब बोल्ला तर मी थांबतो. तुमी पन थांबा."

यादवने काठी भिंतीला उभी करून ठेवली, जणू आता दोन्ही हात मोकळे हवेत.

मोठं वळण घेऊन विमान परत आलं. या वेळी रोकडे आधीपासूनच नाक वाऱ्याकडे तिरकं धरून आले. शांताबाईचे आकडे एका सुरात खाली येत होते. शेवटच्या क्षणी त्यांनी विमान सरळ केलं, चाकं टेकली, एकदा उचलली गेल्यासारखी वाटली, पुन्हा टेकली. टाळ्या सुरू झाल्या, पण रोकडेंनी हात वर केला.

"गाडी फलाटाला लागल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

आणि खरोखर, त्या मोठ्या विमानतळाच्या सगळ्या वाटा हळूहळू पार करून, इमारतीपाशी नेऊन त्यांनी ते उभं केलं. एकेक इंजिन बंद केलं. मग तरेंनी टण् केलं आणि सगळे उठले.

शांताबाई मात्र बसूनच राहिली. पडद्यावर काचेपलीकडे पाऊस पडत होता. तिने विचारलं, "बाबासाहेब इथे बोटीनं आले असतील ना?"

"बोटीनंच," रोकडे म्हणाले.

"केवढा प्रवास. एकटे."

मागे खुर्च्या उचलल्या जात होत्या, डबे धुवायला नळाशी गर्दी झाली होती. मी मशीन बंद करायला पुढे गेलो आणि मागे सरलो.

त्यानंतर राहनाळचं ते ऑफिस सुट्टीच्या दिवशी डेपोच झालं. यादवला दिलेला शब्द रोकडेंनी पुढच्याच फेरीला पाळला. बनारसला उतरायच्या आधी त्यांनी विमान जौनपूरच्या बाजूने नेलं. खाली नुसतं हिरवं आणि एक वाकडी नदी. यादव बराच वेळ वाकून बघत होता. शेवटी त्याने पडद्यावर एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाला, "यही है." कोणी वाद घातला नाही. मग गोदामातल्या इतरांच्या गावांची नावं येऊ लागली, कोणाचं दरभंगा, कोणाचं मालेगाव. जिथे विमानतळ नव्हता तिथे रोकडे त्या गावावरून एक खालची फेरी मारून येत. प्रत्येकाला विचारत, गाव कुठल्या बाजूला बसतं ते. डावीकडे असेल तर त्या माणसाला डावीकडच्या खुर्चीवर बसवत. मी त्यांना सांगितलं होतं, की पडदा एकच आहे, खुर्चीने फरक पडत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बसवायचं सोडलं नाही.

२००८ मध्ये मृणालीला बंगळूरला नोकरी लागली. आई-वडिलांना तिने खऱ्या विमानाने बोलावून घेतलं. परत आल्यावर रोकडे दुकानात येऊन बसले तेव्हा मी उत्सुकतेने विचारलं, कसं वाटलं.

"छान झोप लागली," रोकडे म्हणाले.

"झोपलात?"

"दुसऱ्याची ड्युटी होती. आपण कशाला डोकावायचं?" मग म्हणाले, "उतरताना जागा होतो. चांगला माणूस होता. घाई केली नाही त्यानं."

शांताबाईने मात्र दोन्ही वेळा खिडकीजवळची जागा घेतली होती आणि पंखाची हालचाल शेवटपर्यंत पाहिली होती, हे मला नंतर तिच्याकडून कळलं.

डोळ्यांचं व्हायचं ते होतच होतं. थेंबांनी वेळ मिळाला, पण नळी अरुंद होत गेली. पुढच्या वर्षी एका रविवारी, चेन्नईहून येताना, रोकडेंनी विमान मुंबईला नीट उतरवलं, फलाटाला लावलं, आणि खुर्चीतून उठून ते तरेंसमोर उभे राहिले.

"मास्तर, आज धावपट्टी दिसत होती तेव्हा घड्याळं दिसत नव्हती. घड्याळं बघितली की धावपट्टी जात होती. आता मी बसणार नाही."

आवाज अगदी साधा होता. तरेंनी हातातला चमचा टेबलावर ठेवला. मी म्हणालो, मोठा मॉनिटर आणू, पडदा लांब ठेवू, काहीतरी करू.

"ते करून बघू पुढं," ते म्हणाले, "पण गाडी बंद ठेवायची नाही." आणि शांताबाईकडे वळले. "ये इकडे. डावीकडे बस."

"मी?" ती म्हणाली. "मला नुसते आकडे येतात."

"आकडेच कठीण असतात. बाकी हातानं यायचं."

ती लगेच बसली नाही. दोन-तीन रविवार ती उजवीकडेच बसून राहिली आणि डावी खुर्ची रिकामी. मग एकदा आम्ही वर गेलो, तर ती आधीच डावीकडे बसलेली, चष्मा पुसून झालेला, आणि लहान विमान जमिनीवर सरळ चालवत असलेली. रोकडे शेजारी बसून ऐकत होते. बराच काळ ती नुसतं जमिनीवरच चालवत होती. ते कंटाळले नाहीत.

पहिली मोठी फेरी तिने कोलंबोची केली. तिला अनुराधापूरचा बोधिवृक्ष वरून तरी बघायचा होता. सिम्युलेटरमध्ये झाड कुठलं दिसायला, पण ती त्या बाजूने गेली आणि जाताना तिने क्षणभर हात जोडले. रोकडे घाईने म्हणाले, "दांडी धर, दांडी धर." उतरताना वारा नव्हता, आकाश मोकळं होतं. रोकडेंना आता पडद्याचा मधला तुकडाच दिसत होता, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि इंजिनाच्या आवाजावर कान ठेवला.

"गती थोडी जास्त आहे," ते म्हणाले.

तिने कमी केली. चाकं जरा आपटली, विमान उडी मारून पुन्हा बसलं, तरेंच्या हातातला चहा बशीत सांडला. तिने ब्रेक लावून ते मधोमध थांबवलं आणि मागे वळून पाहिलं.

"रस्ता सोडला नाही ना?" रोकडेंनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. आता फलाटाला लाव."

तिने लावलं. विमानतळाच्या वाटा तिला ठाऊक नव्हत्या, दोनदा चुकली, एकदा गवतातून वळवावं लागलं. इंजिन बंद करून तिने पदराने कपाळ टिपलं, आणि मग नकाशाकडे बघत म्हणाली, "इथून पुढे बँकॉक किती लांब आहे हो?"